गुलाबराणीचे हिरवे ओठ

एव्हरिल केरशॉने आयुष्यात दोन नोकऱ्या केल्या. पहिली मूर लेनच्या शाळेत, पोरांना दुपारचं जेवण वाढायची. ती निवृत्तीपर्यंत पुरली. दुसरी बिनपगारी, ब्रॅकनशॉ गावच्या कलादालनात दाराशी खुर्ची टाकून बसायची. चित्रांना कोणी हात लावत नाही ना एवढंच बघायचं, आणि लावलाच तर ओरडायचं. ओरडण्याचा सराव पहिल्या नोकरीत इतका झाला होता की दुसरीसाठी तिला काही शिकवावं लागलं नाही.

बाई ठेंगणी, गोल, बाराही महिने अंगात राखाडी लोकरीचं जाकीट. लहानपणी गिरणीच्या पायरीवर आपटून डावी भुवई मधोमध फाटली होती आणि तिथे पुन्हा केस म्हणून उगवला नाही. पांढरी टोपी कानांपर्यंत ओढून ती बटाटे वाढायला उभी राहिली की चेहऱ्यावर बघण्यासारखं तेवढंच उरायचं. पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं ‘पावणेदोन भुवया’. तिला ते ठाऊक होतं. नाव ठेवणाऱ्यांच्या ताटात ती उकडलेला कोबी जरा हात सैल सोडून वाढायची.

प्रसिद्ध होती ती तिची थोरली बहीण, विनी हॅस्लम. ब्रॅकनशॉकरांच्या घराघरांत विनी होती. चहाच्या कपावर विनी, भांडी पुसायच्या फडक्यावर विनी, बिस्किटांच्या डब्यावर विनी. डोक्यावर कागदी गुलाबांचा मुकुट, चेहरा जांभळा आणि घट्ट मिटलेले ओठ हिरवेगार. रे थॉर्नलीची ‘गुलाबराणी’ ती हीच. हा थॉर्नली आमच्याच गावच्या खाटकाचा मुलगा. लंडनला जाऊन पॉप चित्रकार झाला. सॉसच्या बाटल्या, फुटबॉल खेळणाऱ्यांचे चेहरे, साबणाची वेष्टनं, जे दिसेल ते त्याने भडक रंगांत छापलं. मग कधीतरी त्याने गावच्या साप्ताहिकातला एक जुना फोटो उचलला, त्याची निरनिराळ्या रंगांत छापचित्रं काढली, आणि त्या चित्रांनी त्याचं नाव जगभर नेलं. मूळ फोटोखाली साप्ताहिकाने नाव छापलेलं होतं, विनिफ्रेड हॅस्लम. तेच नाव चित्रालाही चिकटलं.

फक्त फोटोतली मुलगी विनी नव्हती. ती एव्हरिल होती.

हे कसं झालं ते कळायला चॅपलचा, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चचा, रिवाज ठाऊक हवा. दर जूनमध्ये चॅपलच्या रविवारच्या शाळेची मिरवणूक निघते. पुढे पितळी बँड, मागे रेशमी झेंडे, मग पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुली, आणि मधोमध त्या वर्षीची गुलाबराणी. तिचा मखमली झगा मागून चिमुरड्या पोरी उचलून धरतात. राणी मतांनी निवडली जाते, आणि निवड झाली की तिची आई त्या दिवसापासून मान जरा वर करून बाजारात जाते. राणीला ऐनवेळी काही झालंच, तर जिला तिच्या खालोखाल मतं असतील ती मुलगी चालते. गावातल्या बायका हा नियम झोपेतही म्हणून दाखवतील.

त्या वर्षी विनी राणी झाली होती आणि तिच्या खालोखाल होती चॅपलचे चिटणीस मिस्टर क्लेग यांची कन्या. मिरवणुकीच्या दिवशी सकाळी विनी जिन्यावरून खाली आली ती दोन्ही गाल भोपळ्यासारखे फुगवून. गालगुंड.

आईने आधी विनीकडे पाहिलं. मग दारामागे टांगलेल्या साटीनच्या फ्रॉककडे पाहिलं. तो तिने गिरणीतून आल्यावर रोज थोडा थोडा स्वतःच्या हाताने शिवला होता.

“क्लेगची पोरगी चालणार? माझ्या जिवंतपणी नाही,” ती म्हणाली आणि टेबलापाशी जॅम लावलेला पाव खात बसलेल्या एव्हरिलकडे वळली. “तू. हात धुऊन ये.”

दोघींत जेमतेम दीड वर्षाचं अंतर आणि तोंडवळा एकच. फ्रॉक पाठीमागून टाचण्यांनी आवळला. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. केसांच्या बटा कपाळावर ओढून फाटकी भुवई झाकली. वडील पाइप ओढत खिडकीबाहेर बघत राहिले. त्या घरात आईच्या निकालावर अपील नव्हतं.

“कोणी विचारलं तर विनीचा घसा बसलाय,” आईने बजावलं. “आणि एव्हरिलला गालगुंड झालंय. तू तोंड उघडलंस तर गाठ माझ्याशी आहे.”

एव्हरिलने ओठ मिटले ते संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत. पुढे बऱ्याच वर्षांनी कोणा विद्वानाने त्या मिटलेल्या ओठांवर मोठा लेख लिहिला, गिरणगावातल्या बायकांचं युगानुयुगांचं मौन वगैरे. ते मौन हॅस्लमबाईंच्या धाकाचं होतं. बाजारचौकात वारा सुटला, केस उडाले आणि नेमका तेव्हाच साप्ताहिकाच्या फोटोवाल्याने फोटो काढला. पण त्या काळची छपाई इतकी भरड की भुवईचा नुसता काळा पट्टा उठला. चिटणीस क्लेग यांनी राणीचं नाव आठवडाभर आधीच साप्ताहिकाकडे पोचतं केलं होतं, ते फोटोखाली गेलं. पुढे गालगुंड उतरेपर्यंत दोन्ही मुली घरातच होत्या. लागणीचा आजार, कोणाला शंका आली नाही.

त्या दुपारी एव्हरिल अख्ख्या गावासमोरून चालली. लोक टाळ्या वाजवत होते, “विनी, विनी” म्हणून हाका मारत होते, आणि त्यातली एकही हाक तिच्यासाठी नव्हती. तरी तिला फार आवडलं. हे तिने पुढे कोणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

थॉर्नलीचं चित्र आलं तेव्हा एव्हरिल अठरा वर्षांची होती. लंडनच्या एका रविवारच्या वर्तमानपत्राने ते पानभर रंगीत छापलं, आणि सोमवारी दुपारपर्यंत चॅपलला आग लागल्यासारखं झालं. आज त्या चित्राची फडकी विकणारं चॅपल ते हेच, हे मुद्दाम सांगायला हवं.

“आपल्या चॅपलची राणी, आणि ओठ हिरवे!” क्लेगबाई पायऱ्यांवर उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “तोंडाला रंग फासलाय नाक्यावर उभं राहिल्यासारखा. फोटो दिल्याशिवाय का कोणी असं करतं? तिनेच दिला असणार.”

विनीने काही दिलं नव्हतं. पण रविवारच्या शाळेत ती शिकवायची तो वर्ग तिच्याकडून काढून घेतला. नॉर्मन प्रॉक्टर नावाच्या मुलाशी तिचं ठरलं होतं. त्याच्या आईने अंगठी परत मागितली आणि नॉर्मनने एका शब्दाने तिला अडवलं नाही. विनी त्याच्यासाठी तेव्हा रडली. मग कधीच नाही.

एव्हरिल त्या रात्री बहिणीच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली होती. “मी उद्या जाऊन सांगते. ती मी होते म्हणून सांगते.”

“गप्प राहा,” विनी म्हणाली. “एकीचं नाव मातीत गेलंय, दोघींचं कशाला घालवायचं? तुझा फ्रँक त्याच चॅपलचा ना? मग मूग गिळ आणि लग्न कर.”

एव्हरिलने मूग गिळले आणि फ्रँक केरशॉशी लग्न केलं. संसार चांगला झाला. विनीने मात्र चॅपलची पायरी पुन्हा चढली नाही, लग्नही केलं नाही. तिने कालव्याकाठी मासे आणि चिप्सचं दुकान काढलं आणि आयुष्यभर उकळत्या तेलासमोर उभी राहिली.

मग वारं फिरलं. चित्राला काय किंमत आली ते ऐकून गावाचे डोळे पांढरे झाले, आणि ज्यांनी नाकं मुरडली होती त्यांचीच मुलं पाहुण्यांना विनीच्या दुकानात घेऊन यायला लागली. परक्या देशांतून लोक यायचे, चिप्स घ्यायचे, आणि विनी फडक्यांवर सही करून द्यायची. “वाटाणे पण घ्या, माझ्या ओठांसारखे हिरवे आहेत,” म्हणून हसायची. एव्हरिल शुक्रवारी आपले चिप्स घ्यायला रांगेत उभी असायची आणि बहिणीला असं हसताना बघून तिचं पोट भरायचं. चिप्स फ्रँकच खायचा.

आता थॉर्नली वारला होता. मृत्युपत्रात त्याने आपल्याकडची सगळी छापचित्रं जन्मगावाला देऊन टाकली. कलादालनात तोवर कायम एक गाय, एक नगराध्यक्ष आणि पावसातला पूल एवढीच चित्रं होती. तिथे भिंती रंगवल्या, नवे दिवे लावले. शनिवारी उद्घाटन, आणि रिबन कापायला खुद्द गुलाबराणी विनी हॅस्लम.

दालन चालवायची अनीसा. तिचे आजोबा रातपाळीला सूत कातायला म्हणून ब्रॅकनशॉला आले आणि इथलेच झाले. ती स्वतः मूर लेनच्या शाळेत शिकलेली. तिथे मांस नको म्हणणाऱ्या या मुलीसाठी एव्हरिल चीज आणि कांदा भरून भाजलेल्या ‘पाय’चा कडेचा खरपूस तुकडा झाकून ठेवायची. अनीसा आता मोठी शिकून आली, मोठ्या पदावर बसली, तरी एव्हरिलला ‘मिस’ म्हणायची आणि तिच्यासमोर डबा अर्धवट टाकायची नाही.

मंगळवारी ती आतल्या खोलीतून हाक मारत आली. “मिस, जरा येता का?”

“कोणी हात लावला?”

“कोणी नाही. चित्रांबरोबर थॉर्नलीच्या सामानाची पेटी आली ना, त्यात हे निघालं.”

टेबलावर एक मोठा, चकचकीत फोटो होता. साप्ताहिकाच्या मूळ फिल्मवरून थॉर्नलीने काढून घेतलेला. वर्तमानपत्रातला भरडपणा त्यात नव्हता. मुकुटातल्या तारा दिसत होत्या, साटीनवरच्या सुरकुत्या दिसत होत्या. एव्हरिलने तो फोटो पूर्वी कधीच पाहिला नव्हता. ती बघतच राहिली. आईच्या हातचे टाके तिला ओळखू आले.

“काय गं ही रागावलेली राणी,” ती कसंबसं म्हणाली.

“मिस, भुवई,” अनीसा हळूच म्हणाली.

एव्हरिलने बोटांनी कपाळावरचे केस डाव्या भुवईवर ओढले.

“लहानपणी रोज दुपारी मी त्या भुवईसमोर ताट धरून उभी राहायचे. मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? त्या तुम्ही आहात.”

एव्हरिलने खुर्ची ओढली आणि बसली. मग तिने सगळं सांगितलं, गालगुंडापासून अंगठीपर्यंत. एकदा सुरुवात झाल्यावर थांबता येईना. अनीसाने मध्ये चहा करून आणला, तो तसाच गार झाला.

“हे केवढं मोठं आहे मिस!” अनीसाचे डोळे चमकत होते. “पुस्तकं बदलावी लागतील. शनिवारी सगळ्यांसमोर...”

“शनिवारी सगळ्यांसमोर तू चित्राखाली विनीचं नाव लावणार आहेस,” एव्हरिल म्हणाली. “पोरी, शिव्या ज्या नावावर पडल्या, त्यावर आता फुलं पडताहेत तर नाव बदलायचं? हा कुठला न्याय?”

“पण मला आता ठाऊक आहे. ठाऊक असून खोटं कसं लिहू? हे दालन आहे मिस, क्लेगबाईंच्या पायऱ्या नाहीत.”

“चीजच्या ‘पाय’चा कडेचा तुकडा मी तुलाच देत होते ना?”

“हे बरं नाही हं,” अनीसा म्हणाली आणि दोघींनाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. अनीसाने फोटो उचलून पुन्हा पेटीत ठेवला. “खोटं मी लिहिणार नाही. पण तुमच्या मर्जीविरुद्ध खरंही लिहिणार नाही. नावाची जागा रिकामी ठेवते. तुम्ही तुमच्या बहिणीशी बोला. त्या सांगतील ते लावीन.”

विनी आता टेकडीवरच्या वृद्धाश्रमात राहायची. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी जिने बंद केले होते, मीठ बंद केलं होतं, आणि विनीच्या म्हणण्याप्रमाणे हसणंही बंद करणार होते. एव्हरिल दुसऱ्या दिवशी आल्याचा केक घेऊन गेली. मनाशी ठरवून गेली होती, आज बोलायचंच.

विनी पलंगावर तीन ब्लाउज पसरून बसली होती.

“आलीस? सांग, निळा की गुलाबी? आणि त्या केकमध्ये गूळ तरी घातलायस ना, का गेल्या खेपेसारखा भुसा?”

“निळा. आणि तुझ्या दुकानातले मासे काय मोठे अमृत होते.”

“गुलाबी घालते मग,” विनी म्हणाली. तिने एक तुकडा तोंडात टाकला, मान हलवली, म्हणजे केक बरा झाला होता. “ती पोरगी चित्राखाली माझं नाव लावणार आहे, पितळेच्या पट्टीवर. ऐकलंस का? पितळेच्या.”

“विनी, मला जरा बोलायचंय,” एव्हरिलने सुरुवात केली.

विनीने ऐकलं नाही. ती गुलाबी ब्लाउजच्या बाहीवरून हात फिरवत होती. “मला हसू नकोस हं एव्हरिल. तुला मुलगा आहे, नातवंडं आहेत. माझं काय राहणार मागे? दुकान त्या दाढीवाल्याने घेतलं, पाटीसुद्धा बदलली. मूल नाही, बाळ नाही. ती एक पट्टी राहील. कोणी येईल, वाचेल, म्हणेल, होती कोणी विनी हॅस्लम. पुरे आहे मला तेवढं.”

एव्हरिलने उठून गुलाबी ब्लाउज इस्त्रीसाठी घेतला.

“तू काय बोलणार होतीस?”

“काही नाही. शनिवारी गाडी किती वाजता सांगू, तेच.”

शुक्रवारभर तिने अनीसाचा पिच्छा पुरवला. विनवून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी शाळेतल्या आवाजात ओरडूनही पाहिलं. अनीसाचे डोळे भरून आले, पण तिने पट्टी कोरी ठेवली. “तुम्ही विचारलंच नाहीत त्यांना मिस,” ती म्हणाली. “तुम्ही विचारलं असतंत तर मी लावलं असतं.” विचारायचं म्हणजे विनीला सांगायचं, की आता कोणाला तरी कळलंय. ते सांगायला एव्हरिलची जीभ उचलली नाही.

शनिवारी दालन फुलून गेलं. नगराध्यक्ष गळ्यात सोनेरी साखळी घालून आले. चॅपलच्या बायकांनी सँडविचेस आणली, त्यांत क्लेगांची नातसूनही होती आणि तिने विनीच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. विनी चाकांच्या खुर्चीतून आली, गुलाबी ब्लाउज, ओठांना लिपस्टिक, हिरवी नव्हे, लालच. तिने रिबन एका फटक्यात कापली, आयुष्यभर मासे कापलेला हात तो. टाळ्या झाल्या. एव्हरिल आपल्या नेहमीच्या खुर्चीवर दाराशी बसली होती. तिने लोकांचे रेनकोट मांडीवर घेतले होते आणि नजर जमिनीवर ठेवली होती.

गुलाबराणीची चित्रं समोरच्या भिंतीवर होती. पिवळा चेहरा, निळा चेहरा, आणि मध्ये ते जगप्रसिद्ध जांभळं. साप्ताहिकाचा फोटोवाला पुढे झाला. नवीन होता, बाहेरगावचा. “राणीसाहेब, जरा चित्राच्या जवळ घेऊ का तुम्हाला?”

अनीसाने खुर्ची चित्राशी नेली. विनीने मान वळवून खालची पट्टी पाहिली. चष्मा नाकावर चढवून पुन्हा पाहिली.

“माझं नाव कुठाय?”

जवळच्या लोकांनी माना वळवल्या. मग त्यांच्यामागच्यांनीही. अनीसा गोरीमोरी झाली. “मिस हॅस्लम, ते... माझीच चूक आहे, मी...”

विनी तिच्याकडे बघतच नव्हती. ती माणसांच्या मधून दाराकडे बघत होती. इतकी वर्षं दुकान चालवलेली बाई, गिऱ्हाइकाच्या तोंडावरून तिला कळायचं की भांडण घरी झालंय की कामावर. रेनकोटांच्या ढिगामागची एव्हरिलची खाली घातलेली मान तिने पाहिली आणि तिला सगळं उमगलं.

“एव्हरिल,” तिने भर दालनात हाक मारली. “या पोरीला कळलंय का?”

एव्हरिलने होकारार्थी मान डोलावली.

“तू सांगितलंस?”

“नाही गं. पेटीत मोठा फोटो निघाला, त्यात भुवई दिसली.” एव्हरिल उठली, मांडीवरचे रेनकोट खाली घसरले. “मी तिला सांगून दमले, की विनीचंच नाव लाव म्हणून. ऐकतच नाही. विनी, चल, आपण चहा घेऊ. लोक बघताहेत.”

“बघू दे. काय सांगत होतीस तू तिला? माझंच नाव लाव म्हणून?”

“मग काय सांगणार? ओठ हिरवे झाले तेव्हा कोणाला हाकललं? तुला. अंगठी कोणाची गेली? तुझी. मग हेही तुझंच. मी फक्त फ्रॉक घालून चालले होते.”

नगराध्यक्षांनी कपात तोंड घातलं आणि तिथेच ठेवलं.

“तुला ठाऊक आहे,” विनी म्हणाली, “त्या फडक्यांवर सह्या करायचे ना मी, तेव्हा तू रांगेत उभी असायचीस. दर शुक्रवारी मला वाटायचं, आज ही भांडणार. आज म्हणणार, पुरे झालं विनी, ती मी आहे. भांडायचंस गं माझ्याशी! मी वाट बघत होते. आणि तू काय केलंस? चिप्स घेतलेस, पैसे दिलेस, वर ‘बरी आहेस ना’ विचारून गेलीस.”

“मला आवडायचं तुला तशी बघायला.”

“मलाही आवडायचं. हीच तर लाज वाटायची.” विनीने गुलाबी बाहीने डोळे पुसले, लिपस्टिक गालावर पसरली, तिला त्याची पर्वा नव्हती. “सोडवतही नव्हतं आणि घेववतही नव्हतं.”

एव्हरिल आता तिच्या खुर्चीपर्यंत आली होती. तिने वाकून अगदी हळू विचारलं, “पण तूच म्हणालीस ना परवा, मागे काय राहणार म्हणून?”

“तू राहशील की, वेडे,” विनी म्हणाली. “उभी राहा इथे. नीट.”

“माझे केस बघ कसे झालेत.”

“तेव्हा तरी कुठे बरे होते?”

कोणीतरी हसलं, आणि मग सगळे हसले, आणि चॅपलच्या दोन बायका उघड रडल्या. एव्हरिलही रडत होती. ती जाकिटाच्या खिशात रुमाल शोधत होती तेवढ्यात फोटोवाल्याने फोटो काढलासुद्धा. बिचाऱ्याला यातलं निम्मं कळलं नव्हतं. अनीसा भिंतीला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात तोंडावर.

फोटोवाल्याने पेन काढलं. “खाली नावं काय घालू?”

“ही एव्हरिल हॅस्लम,” विनी म्हणाली. “आता केरशॉ. ब्रॅकनशॉची गुलाबराणी. चित्रातली ती हीच. कोणाला विचारत बसू नकोस, मी सांगते म्हणजे तसंच.”

त्याने लिहून घेतलं. मग जरा अडखळून त्याने विनीकडे पाहिलं. “आणि तुम्ही?”

विनीने एव्हरिलचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर आपले दोन्ही हात ठेवले.

“मी तिची थोरली बहीण.”